गुळाच्या बरोबरीने

मला तराजूत बसवलं होतं.

खरोखरचा तराजू. धान्यमंडीतून आणलेला, मोठ्या लाकडी पारड्यांचा, साखळ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. अंगावर परकर-पोलकं. हिरवा परकर, लाल पोलकं, जरीचे काठ, केसांत गजरा. समोर हॉलभर माणसं. पुढे खुर्च्यांवर मोठ्या घरचे, मागे सतरंजीवर आमच्यासारखे.

मी पंचवीस वर्षांची होते.

पाहिजे तर परत वाचा. पंचवीस. इंदूरला पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवत होते. पगार घरी आणत होते. मोबाईलचं बिल माझं, गॅस सिलेंडर माझा. आणि दत्तजयंतीला स्नेहलतागंजच्या त्या हॉलमध्ये पाय मुडपून पारड्यात बसले होते, कारण मी त्यात मावते. माझी उंची दहा वर्षांच्या पोरीएवढी आहे. दुकानात गेले की सेल्समन आईला विचारतो, बेबी के लिए क्या दिखाऊँ.

माईक आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींकडे होता. दोन पोरं गुळाच्या भेल्या एकेक करून चढवत होती. भेली म्हणजे गुळाची लहान ढेप, आमच्याकडे असंच बोलतात. मागल्या वर्षाएवढ्या चढल्या तरी माझं पारडं जमिनीवरून हललं नाही. अजून एक ठेवली. अजून एक. तिसरीला मी हळूच वर उचलले गेले. सेक्रेटरींना इतका आनंद झाला की काय सांगू.

"देखो भिया, पिछले साल से पूरी तीन भेली ज्यादा! याला म्हणतात नवसाचं फळ."

टाळ्या पडल्या. सतरंजीवरची एक बाई शेजारणीला विचारत होती, कितवीत आहे ही. मग ताईसाहेबांनी माईक घेतला. पांढरी सिल्कची साडी, आवाज मऊ, सवयीचा. बोलल्या, "हे आमचं बाळ. मरणाच्या दारातून ओढून आणलं आम्ही याला. बघा, आता कसं ठणठणीत आहे."

आणि ठणठणीत बाळाला तेव्हा श्वास पुरत नव्हता. गुडघे छातीशी आलेले, पोटावर दाब, तोंड किंचित उघडं ठेवून मी हवा ओढत होते. सकाळी पायात चपला चढल्या नव्हत्या, आईच्या घालून आले होते. पोलक्याचा हुक लागत नव्हता म्हणून आईने पिन टोचली, आणि टोचताना खूश होऊन बोलली, अंग भरलं गं बाई तुझं. तिला किती वर्षांपासून ते वाक्य बोलायचं होतं, मला माहीत आहे.

मी हसले. हात जोडले. लोकांनी मोबाईलवर फोटो काढले आणि मी सगळ्यांकडे बघून हसत राहिले. बाकी सगळं माझ्याशी दुसऱ्यांनी केलं. हसले मात्र मी. ते आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही, उठून फेऱ्या मारायला लागते.

ताईसाहेब कोण, ते सांगते. त्यांच्या सासरचं घराणं दरबारी. संस्थान होतं तेव्हापासून कारभारात. आता संस्थान नाही, पण एक ट्रस्ट आहे, ट्रस्टची शाळा आहे, मंडळावर शब्द चालतो. माझे आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इकडे आले. बाबा ताईसाहेबांच्या शाळेत कारकून. मतलब मराठी आम्हीही, मराठी त्याही. गणपती एक, दिवाळी अंक एक, पुरणपोळी एक. फक्त त्यांची खुर्ची आणि आमची सतरंजी. इंदूरला कोणी विचारलं तर सगळे सांगतील, छे, आपल्यात असलं काही नाही. बसायची वेळ आली की ज्याला-त्याला आपली जागा बरोबर माहीत असते.

मला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. नाव काय ते तेव्हा घरात कोणी उच्चारत नव्हतं, "ते" म्हणायचे. "हिला ते झालं होतं." सरकारी इस्पितळाच्या बच्चा वॉर्डात कॉट मिळत नव्हती. ताईसाहेबांनी फोन केला, मिळाली. हे खरं आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. त्याच दिवशी त्यांनी नवसही बोलला. पोर वाचली तर दत्ताला हिची गूळतुला करीन, दर वर्षी, हिचं लग्न होईपर्यंत.

लग्न होईपर्यंत. माझ्या जिवाचा नवस, पण बोलताना मला कोणी विचारलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला कोण विचारणार म्हणा. पण आई-बाबांनाही नाही विचारलं. बाबा तर पाया पडले. माझं पोरगं मरत असतं तर मीही पडले असते.

मी वाचले. लाल रंगाचं औषध सलाईनमधून जायचं, ते आठवतं. डोक्याला मशीनची सिकाई झाली, म्हणजे किरणांचा शेक, ते आठवतं. केस गेले, तोंड आलं, उलट्या. बाजूच्या कॉटवरचा मुलगा एक दिवस नव्हता. मग काही वर्षांनी डॉक्टर बोलले की औषधं बंद, पोर आता ठीक आहे. त्याच डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की दर वर्षी एकदा दाखवायला आणत जा, मोठी झाली तरी आणत जा. आईला ते स्पष्ट आठवतं. मी विचारलं तेव्हा तिने लपवलं नाही.

नेलं का नाही? कारण ताईसाहेबांनी नको सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवस फेडायला घेतला की त्या दुखण्याच्या दाराकडे परत बघायचं नाही. बघितलं तर देवाला वाटतं यांचा भरवसा नाही. पहिली तुला झाली, गूळ वाटला, आणि ताईसाहेब आईला बोलल्या की आता इस्पितळाची पायरी चढू नका. आई-बाबांनी ऐकलं. खरं सांगू, त्यांना ऐकायचंच होतं. त्या वॉर्डाचा वास कोणाला परत घ्यायचा असतो. देवाने सुटी दिली आणि ती मोठ्या घरच्या तोंडून दिली. मग काय पाहिजे.

तेव्हापासून माझी वर्षाची तपासणी व्हायची ती तराजूत. गूळ जास्त लागला की तब्येत सुधारली. कमी लागला की आईला टोकायचे, खाऊ घालत नाही का.

माझ्या बरोबरीच्या पोरी वाढल्या. मी थांबले. सातवीत थांबले ती थांबलेच. शाळेत पी.टी.च्या रांगेत कायम पहिली. ताईसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही, उलट सोय झाली. पारड्यात मावते, परकर-पोलकं शोभतं. दर वर्षी त्यांच्याकडून नवा जोड यायचा. अठराव्या वर्षी मी आईला बोलले, मला हे घालायला लाज वाटते. आई बोलली, दोन तासांचं तर काम आहे, एवढ्या प्रेमाने पाठवतात. विसाव्या वर्षी बोलले. बाविसाव्या वर्षी बोलले. नंतर बोलणं सोडलं. लग्न काही होईना. एक-दोन जणांनी बघायला येऊन चहा घेतला, दारात माझ्याकडे परत एकदा वाकून पाहिलं आणि गेले. नवसाला शेवट नव्हता.

क्लासमध्ये मात्र मी दुसरीच असते. फळ्याखाली लाकडी पाट आहे, त्यावर उभी राहून शिकवते. पोरं पहिल्या दिवशी हसतात. मी हसू देते. मग एकाला उठवते, बीजगणिताचं एक सोपंसं उदाहरण देते, आणि तो अडकला की बाकीचे आपोआप गप्प होतात. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. पोरं मॅम बोलतात. कोणी बेबी बोलत नाही.

त्या तुलेनंतर मला क्लासचा जिना चढवेना. दुसऱ्या मजल्यावर आहे क्लास. एका दमात चढायचे ती मध्येच थांबायला लागले, मोबाईल बघायचं सोंग करून. आडवं पडलं की खोकला. उशा वाढल्या. घराजवळच्या डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की टेन्शन है, शादी करा दो. आई रस्ताभर रडली. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं उलटं झालं. गेलं तेव्हा वाजत-गाजत, गूळ वाटत गेलं. परत आलं ते मुंगीच्या पावलांनी, आणि कोणाला कळलं नाही.

एका दुपारी मी जिन्यातच बसले. उठताच येईना. विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी रिक्षात घातलं आणि त्याच रस्त्यावरच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईला फोन केला, ती धावत आली. डॉक्टरीणबाईंनी माझी सलवार वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला. कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा. मग छातीवर जेल लावून मशीन फिरवलं, बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसल्या. मग विचारलं, लहानपणी काही मोठा आजार?

आईने सांगितलं. सांगताना तिचा आवाज तुलेच्या दिवशी असतो तसा झाला, की हो, ते झालं होतं, पण आता एकदम ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध लाल रंगाचं होतं का. आई बोलली, हो, लाल, पोरीची लघवीसुद्धा लाल व्हायची, मी घाबरले होते.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. ते औषध जीव वाचवतं. पण कोणा-कोणाच्या हृदयावर मार ठेवून जातं, आणि तो मार बरीच वर्षं गेल्यावर दिसतो. पंप कमजोर होतो. म्हणून अशा मुलांचं हृदय मधूनमधून मशीनवर बघत राहायचं असतं, आयुष्यभर. लवकर सापडलं तर गोळ्यांनी सांभाळता येतं. माझं उशिरा सापडलं. उंची थांबली तीही बहुतेक डोक्याच्या सिकाईमुळे, आणि वाढायच्या वयात कोणी बघितलं असतं तर त्यावरही काही करता आलं असतं. आता नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "किसी ने आपको बताया नहीं था, कि दिखाते रहना?"

आई खाली बघत बोलली, "बताया था. पर हमारे यहाँ हर साल तुला होती थी ना."

डॉक्टरीणबाई मराठी नव्हत्या, त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. मला त्या एका वाक्यात माझं अख्खं आयुष्य कळलं. रडू नाही आलं. संताप आला, आणि तेवढ्यानेही धाप लागली. म्हणजे मला नीट चिडताही येत नव्हतं.

मला ॲडमिट केलं. लघवी व्हायचं औषध दिलं. अंगात पाणी साठलं होतं, पायांत, पोटात, फुप्फुसात. नर्स रोज सकाळी वजन करायची आणि ते उतरलं की खूश होऊन सांगायची, गुड, पानी निकल रहा है. मी काट्यावर उभी राहून बघत होते. आई ज्याला अंग भरलं म्हणाली ते पाणी. सेक्रेटरींनी माईकवरून ज्याच्या टाळ्या घेतल्या ते पाणी. त्या तीन भेल्या माझ्या सुजेच्या बरोबरीच्या होत्या, आणि लोकांनी तो गूळ प्रसाद म्हणून घरी नेऊन खाल्ला.

घरी आल्यावर ताईसाहेब भेटायला आल्या. आमच्याकडची चांगली खुर्ची एकच, ती पुसून दिली. फळं आणली होती. माझ्या डोक्यावर हात फिरवून बोलल्या की नजर लागली बाळाला, मागल्या खेपेला फोटो फार काढले लोकांनी. पुढच्या वर्षी सव्वापट तुला करू. मी सांगायला लागले की नजर नाही, औषधाचा परिणाम आहे, डॉक्टर म्हणतात. त्यांनी हात वर करून थांबवलं. मग आवाज अजून मऊ करून बोलल्या, "हे बाहेर बोलू नकोस. ज्यांची पोरं आजारी आहेत त्यांचा धीर सुटेल. आणि नवसाचं हसं होईल."

आई मान डोलावत होती. बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पोरांचे आईबाप घाबरतील म्हणून मी आजारी असायचं नाही. नवसाचं हसं होईल म्हणून माझं हृदय बंद पडलं तरी चालेल. मी ठणठणीत असणं ही त्यांची गरज होती, माझी तब्येत त्यात कुठे आलीच नाही.

दत्तजयंती जवळ आली तसा परकर-पोलक्याचा डबा आला. या खेपेला जांभळा. मी तो उघडला नाही. संध्याकाळी बाबा शाळेतून आले, मी पाणी दिलं आणि बोलले, बाबा, मी या वर्षी बसणार नाही. पुढेही नाही.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. चिडले नाहीत, तेच वाईट. बोलले, "माझी दोनच वर्षं राहिलीत गं रिटायरला. तेवढी बस."

मला बाबांची दया आली. खोटं नाही बोलत. त्यांचा हात दगडाखाली आहे, माझ्या आजारपणापासून आहे. पण माझं तोंड थांबलं नाही.

"तुमची दोन राहिलीत बाबा. माझी किती राहिलीत, ते डॉक्टरीणबाईंनी नाही सांगितलं."

त्यांनी टीव्ही लावला. आवाज मोठा केला. त्या दिवसापासून आमच्यात कामापुरतं बोलणं.

हॉलमध्ये मी गेले. न जाता घरी बसले असते तर बोलले असते की बाळाला बरं नाही, आणि प्रसाद घरी पाठवला असता. मला तसं सुटायचं नव्हतं. क्लासला घालते तो कुर्ता घातला, शिंप्याकडून मापाने शिवलेला. माप लहान, पण कुर्ता बाईचा. डॉक्टरांनी जिने हळू चढायला सांगितलेत, म्हणून सावकाश चढले. तराजू मांडलेला, माळा घातलेल्या. माझ्या कपड्यांकडे बघून सेक्रेटरी गडबडले, पण त्यांनी नाव पुकारलं. मी पारड्यापर्यंत गेले आणि उभी राहिले.

ताईसाहेब खुर्चीतूनच बोलल्या, "बस बाळ."

मी बोलले, "नाही. मी बसणार नाही."

माईक सेक्रेटरींच्या हातात होता, मी मागितला नाही. हॉल केवढा, माझा वर्ग केवढा. मी पाटावरून शिकवते त्या आवाजात बोलले. "मागल्या वर्षी तुम्ही जास्तीचा गूळ चढवला, तेव्हा माझ्या अंगात पाणी भरलेलं होतं. माझं हृदय कमजोर झालंय. लहानपणीच्या औषधाने. दर वर्षी तपासायला पाहिजे होतं. तुम्ही दर वर्षी तोललं."

खुर्च्यांमध्ये कुजबुज. कोणीतरी बोललं, शिकली ना, म्हणून. ताईसाहेब उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"आम्ही जगवलं तुला. त्याचे हे पांग फेडतेस?"

"तुम्ही कॉट मिळवून दिली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला औषधाने जगवलं, ताईसाहेब. आणि मी बाळ नाही."

मला वाटलं होतं हे बोलून झालं की छाती हलकी होईल. नाही झाली. धडधडत होती, कानात आवाज येत होता. सतरंजीवरून आई कळवळून बोलली, बैस गं, लोक बघतायत. बाबांनी वर पाहिलंच नाही. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मला कोणी साथ दिली नाही. हे सांगून टाकलेलं बरं.

तराजू रिकामा, गूळ चढवून ठेवलेला, आरतीची वेळ झालेली. मंडळात असं अडून चालत नाही. सतरंजीवर दुसऱ्या रांगेत गौतमपुऱ्याहून आलेली एक बाई होती, डोक्यावर पदर, मांडीवर लोकरीची टोपी घातलेली चार-पाच वर्षांची मुलगी. टोपीखाली केस नुकतेच उगवत होते. ते मला लांबूनही ओळखू येतात. ट्रस्टच्या ओळखीने तिच्या मुलीला कॉट मिळाली होती, म्हणून ती नवस बोलायला आली होती. ताईसाहेब बोलल्या, हिला बसवा. दोन मिनिटांत नवीन बाळ मिळालं.

मुलगी पारड्यात बसली आणि हसायला लागली. झुलत होतं ना ते. मलाही पहिल्यांदा झोपाळाच वाटला होता. तिला ओढून काढायचा माझ्या मनात विचार आला. पण मी कोण. खेळत होती बिचारी. मी सतरंजीवर तिच्या आईजवळ जाऊन बसले. आधी श्वास सावरला. मग तिला हिंदीत सांगितलं, एकेक गोष्ट दोनदा सांगितली. लेकीचं औषध कोणत्या रंगाचं आहे ते विचारलं. लाल, ती बोलली. मी सांगितलं की ती बरी होईल, खूप जण होतात, मी झाले. पण डॉक्टर ठीक है बोलले की तिथे संपत नाही. दर वर्षी न्यायची, हृदय बघून घ्यायचं, उंची मोजून घ्यायची. तराजूत बसते तर बसू दे, पण अस्पताल मत छोडना. कोणीही सांगितलं तरी.

तिने एकदा ताईसाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी केवढीशी दिसते ते तिने नीट बघितलं. मग तिच्या माळवीत बोलली, "म्हके तो वां कई समझ नी पड़े, बेन. थें साथे चलोगा?"

तिथलं तिला काही कळत नाही, मी बरोबर येईन का, असं विचारत होती. चलूँगी, मी बोलले.

या गोष्टीला काही आठवडे झाले. बाबांना शाळेच्या ऑफिसातून उठवून मागच्या स्टोअरच्या खोलीत बसवलंय, तुटक्या बाकांच्या मधे. ते मला काही बोलत नाहीत, आणि मला ते बघवत नाही. आई रोज देवाजवळ माझ्या वतीने माफी मागते. मंडळातल्या बायका रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या फुटपाथवर जातात. मी गोळ्या खाते, मीठ कमी खाते, शिकवते. हृदय सुधारलं नाही, अजून बिघडलंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात बघत राहू.

त्यांनीच सांगितलं की जुन्या इस्पितळात जाऊन नाव परत चालू कर, लहानपणीच्या उपचाराचा सगळा हिशेब त्या डॉक्टरांनाच जास्त कळतो. गेले. इतक्या वर्षांनी तोच वास. खिडकीवरचा माणूस बोलला, ये बच्चों की ओपीडी है, आप तो बडी हो, बडों में जाओ. मोठ्यांच्या खिडकीवर गेले. तिथला बोलला, ये तो बचपन का केस है, बच्चों में जाओ. मी दोन्हीकडे दोनदा गेले आणि चौथ्यांदा मला हसू आलं, खरंच. जिथे मोठं व्हायचं होतं तिथे पंचविशी उलटली तरी बाळच ठेवलं. आणि जिथे बाळ म्हणून कोणी ओळखायला पाहिजे, तिथे मी मोठी झाले. माझ्यासारखी पोरं या शहरात किती असतील, वाचलेली, वाढलेली, दोन खिडक्यांमध्ये हरवलेली. कोणी तरी माझ्यासारखंच आत्ता कुठल्यातरी जिन्यात मोबाईल बघायचं सोंग करत थांबलं असेल. हे मनात आलं की मला झोप लागत नाही.

मंगळवारी गौतमपुऱ्याची बाई लेकीला घेऊन पहिल्या बसने येणार आहे. मी तिला स्टँडवर घ्यायला जाणार, आणि आम्ही तिघी बच्चांच्या ओपीडीत जाणार. तिच्या मुलीचं नाव पुकारतील. मग मी माझं सांगणार. ते बोलतील, आप बडी हो. बोलू देत. मी खिडकी सोडणार नाही. त्या लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसणार, आणि आमच्यासारख्या वाचलेल्यांना बघणारा डॉक्टर कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत बसणार, ते मला सांगेपर्यंत उठणार नाही. त्या दिवशी उठवलं तर पुढच्या मंगळवारी येऊन बसणार.